मूठ बदलायचे पैसे घेता, न बदलायचे का नाही?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जुन्या घडीच्या चाकूची तडकलेली मूठ कशी सांधायची ते पाहिलं. व्हिडिओत हातकाम दाखवलं, हिशोब राहिला. तो इथे मांडते, कारण माझ्या मते खरी गडबड तिथेच आहे.

मत आधीच सांगून टाकते. संग्रहातल्या जुन्या चाकूचं सगळ्यात मोठं नुकसान बऱ्याचदा दुरुस्तीच्या टेबलावर होतं. त्यात कारागिराच्या हाताचा दोष कमी आणि आपल्या दरपत्रकाचा जास्त. आपण तपासणी फुकट करतो आणि कामाचे पैसे घेतो. मग जितकं जास्त काम, तितकं मोठं बिल. गिऱ्हाईक केसाएवढा तडा घेऊन येतं, म्हणतं, "ताई, नवी मूठच टाकून द्या ना, कटकट नको." आणि आपण टाकतो, कारण पैसा त्यातच आहे. चाकू चकचकीत होतो आणि त्याची किंमत गेलेली असते.

सोनाराकडे घडणावळ वेगळी लागते, हे आपल्याला कधी खटकत नाही. मग दुरुस्तीच्या धंद्यात पारखणावळ का नको? हा लेख त्यासाठी आहे. तुम्ही चाकू दुरुस्त करत नसाल, घड्याळं, कॅमेरे, पेनं किंवा पितळी भांडी करत असाल, तरी हिशोब तुम्हाला लागू पडेल.

टेबलावर नक्की काय आलंय?

जुना घडीचा चाकू म्हणजे एक सँडविच असतं. मध्ये पातं आणि पाठीची स्प्रिंग. दोन्ही बाजूंना पितळेच्या किंवा लोखंडाच्या पातळ पट्ट्या, ज्यांना लायनर म्हणतात. त्यावर बाहेरून मुठीच्या पट्ट्या: हाड, शिंग, लाकूड, शिंपला किंवा प्लास्टिक. टोकाला धातूची टोपी, म्हणजे बोल्स्टर. आणि हे सगळं आरपार गेलेल्या बारीक रिव्हेटवर उभं असतं.

म्हणून "फक्त मूठ बदला" हे वाक्य दिसतं तितकं साधं नाही. मुठीची पट्टी काढायची तर रिव्हेट कापावी लागते. नवीन रिव्हेट ठोकून बसवताना हाडावर ताण येतो, आणि पात्याच्या बिजागरीच्या रिव्हेटला धक्का लागला तर पात्याची चाल बदलते. ज्या चाकूचं पातं शंभर वर्षं ठक्कन बंद होत होतं ते एका दुपारी लुळं पडू शकतं.

दुसरी गोष्ट कारणाची. मूठ तडकते का? हाड आणि शिंग वर्षानुवर्षं सुकत आकसतात, पण रिव्हेट जागची हलत नाही. मग तडा रिव्हेटपासून निघून रेषेच्या दिशेने पुढे सरकतो. दुसरं कारण गंज. लायनर लोखंडी असेल तर गंज फुगतो आणि मुठीची पट्टी आतून उचलतो. पितळ असेल तर हिरवा थर येतो. असा चाकू वरून चिकटवला की पुढच्या पावसाळ्यात तडा शेजारी उघडतो. गिऱ्हाईक परत येतं आणि म्हणतं, तुमचा गोंद वाईट. गोंद बरा होता हो, पण आतला गंज कोणी पाहिलाच नव्हता.

हे पाहायला वीस मिनिटं, चांगला उजेड आणि भिंग लागतं. या वीस मिनिटांचे पैसे आपण घेत नाही, म्हणून ती वीस मिनिटं आपण देतही नाही.

मूठ बदलली की काय जातं?

एक उदाहरण घेऊ, कारण त्याचा पुरावा पात्यावरच छापलेला असतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात ब्रॅडफर्ड नावाचं गाव आहे, तिथे केस कंपनीचे चाकू बनतात. कंपनी 1889 पासूनची. अमेरिकेत राहून आलेल्या मामा-काकांच्या सामानात हे चाकू आपल्याकडेही येतात. त्यांच्या बऱ्याच चाकूंवर पात्याच्या बुंध्याशी एक नंबर असतो. समजा 6254. यातला पहिला आकडा मुठीचा: 6 म्हणजे खाचा पाडलेलं हाड. दुसरा आकडा पात्यांची संख्या, म्हणजे 2. उरलेले 54 हा नमुन्याचा नंबर. तोच चाकू खऱ्या शिंगाच्या मुठीत असेल तर नंबर 5254 होतो.

आता कल्पना करा, 6254 नंबरच्या चाकूला तुम्ही सुंदर शिसवी मूठ बसवली. काम अप्रतिम. पण पातं म्हणतंय हाड आणि मूठ म्हणतेय लाकूड. माहीतगार माणूस हा चाकू हातात घेईल, नंबर वाचेल आणि खाली ठेवेल. त्याच्या दृष्टीने तो आता "पार्ट बदललेला" चाकू आहे. तडा असलेली मूळ मूठ त्याला चालली असती.

याच कंपनीने 1970 पासून छापाखाली दहा ठिपके द्यायला सुरुवात केली आणि दरवर्षी एकेक कमी केला. म्हणजे ठिपके मोजून साल कळतं. चाकू चकचकीत दिसावा म्हणून बफवर धरला की हे ठिपके जायला वेळ लागत नाही. हाडावरच्या खाचांचंही तसंच. त्या शिंगासारखा खडबडीत पोत यावा म्हणून मुद्दाम पाडलेल्या असतात. बफ त्या सपाट करतो, आणि गेलेला पोत कुठल्याही पॉलिशने परत येत नाही.

दुसरं उदाहरण आपल्या मातीशी जोडलेलं आहे. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या कारागिरांना मुठीसाठी सांबराचं शिंग आवडायचं, कारण ते युरोपातल्या हरणांच्या शिंगापेक्षा भरीव असतं. ते शिंग हिंदुस्थानातून जायचं. म्हणजे एखाद्या जुन्या वाड्यात सापडलेल्या शेफील्डच्या चाकूची मूठ कदाचित इथल्याच जंगलातून तिकडे जाऊन परत आलेली असते. ती फेकली की तशी दुसरी कायदेशीररीत्या मिळणार नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मुळे सांबराच्या शिंगाचा व्यापार बंद आहे. आपोआप गळून पडलेलं शिंगसुद्धा विकता येत नाही.

यावर हमखास येणारं वाक्य ठाऊक आहे. "ताई, गावाकडे माळ्यावर शिंग पडलंय, त्यातून तुकडा काढून बसवा." इथे उत्तर एकच: नाही काका, ते मी दुकानात घेणार नाही. हस्तिदंताच्या बाबतीत तर जास्तच सावध राहा. हाड की हस्तिदंत, हे भिंगातून बरंचसं कळतं. हाडात बारीक काळे ठिपके आणि रेघा दिसतात, तर हस्तिदंताच्या कापलेल्या टोकाला एकमेकांना छेदणाऱ्या कमानीसारख्या रेषा असतात. हस्तिदंत वाटलं तर मालकीचा कागद विचारा. तो नसेल तर चाकू ठेवून घेऊ नका, मालकाला वनविभागाशी बोलायला सांगा. पट्टी बदलावीच लागली तर म्हशीचं शिंग, उंटाचं हाड, लाकूड किंवा रेझिनमध्ये दाबलेलं कापड हे कायदेशीर पर्याय आहेत.

कमीत कमी हात कसा लावायचा?

व्हिडिओत दाखवलंय, इथे फक्त निर्णय लिहिते.

केसाएवढा तडा, पट्टी घट्ट: पहिला प्रश्न, चाकू वापरायचा आहे की कपाटात ठेवायचा? ठेवायचा असेल आणि तडा वाढत नसेल तर काहीच करू नका. फोटो काढा, तारीख लिहा, सहा महिन्यांनी परत बघा. वाढत असेल तर आधी तड्यातलं जुनं तेल आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने काढा आणि रात्रभर सुकू द्या. मग चिकटवणं. झटकन चिकटणारा पातळ गोंद तड्यात आपोआप ओढला जातो हे खरं, पण तो बाजूला पांढुरका डाग सोडू शकतो, सहज काढता येत नाही, आणि थेंब जास्त झाला तर स्प्रिंगपर्यंत उतरून पातं जाम करतो. संग्रहालयांत जुन्या वस्तूंसाठी पॅरालॉइड बी-72 नावाचं अॅक्रिलिक रेझिन अॅसिटोनमध्ये विरघळवून वापरतात. ताकद कमी, पण उद्या कोणाला काढायचं झालं तर अॅसिटोनने परत निघतं. कपाटातल्या चाकूला हेच योग्य.

पट्टी हलतेय: आधी आत गंज आहे का पाहा. रिव्हेटवर हातोडी चालवायचा मोह टाळा. सुकलेलं हाड रिव्हेटच्या कडेलाच फुटतं. गंज थांबवून, मग चोवीस तास घेणाऱ्या दोन नळ्यांच्या अॅराल्डाइटने पट्टी खालून पकडता येते. पाच मिनिटांत सुकणाऱ्याची घाई नको.

तुकडा गेलाय: इपॉक्सीत रंग किंवा हाडाची भुकटी मिसळून खड्डा भरा. संग्रहालयवाल्यांचा एक साधा नियम आहे: दुरुस्ती सहा फुटांवरून दिसू नये, सहा इंचांवरून दिसावी. म्हणजे चाकू शोभतो आणि कोणाची फसवणूकही होत नाही. घासताना मास्क लावा. हाडाची आणि विशेषतः शिंपल्याची धूळ फुप्फुसांना वाईट.

आणि चाकू परत देताना एक फुकटचा सल्ला द्या: चामड्याच्या म्यानात ठेवू नका. चामडं ओलावा धरतं, धातू तिथेच गंजतो.

मग कधीच बदलायची नाही का?

बदलायची. मी "हात लावू नका" पंथाची नाही.

सगळ्यात स्पष्ट केस सेल्युलॉइडची. गेल्या शतकाच्या पूर्वार्धातल्या बऱ्याच अमेरिकन आणि जर्मन चाकूंना सेल्युलॉइडच्या रंगीत मुठी असायच्या. जुने टेबल-टेनिसचे चेंडू ज्याचे असायचे तेच हे. म्हातारं झालं की ते सडायला लागतं. कापराचा वास जाऊन आंबूस, नाकात झोंबणारा वास येतो, पृष्ठभागाला घाम सुटल्यासारखं होतं आणि मग चुरा. त्यातून निघणारी आम्लधर्मी वाफ स्वतःचं पातं गंजवते आणि शेजारच्या चाकूंचंही. अशी मूठ वाचवता येत नाही. फोटो काढून ठेवा, मूठ काढा आणि चाकू इतरांपासून लांब, हवेशीर जागी ठेवायला सांगा. ग्राइंडरवर अजिबात धरू नका, सेल्युलॉइड भपकन पेटतं. अॅसिटोनही नको, त्यात ते विरघळतं. इथे मूळ मूठ जपायचा हट्ट धरला तर अख्खा संग्रह खराब होईल.

दुसरी केस स्विस चाकूची. आजचे 91 मिलिमीटरचे लाल व्हिक्टोरिनॉक्स बघा. त्यांच्या प्लास्टिकच्या पट्ट्या रिव्हेटच्या डोक्यांवर दाबून बसवलेल्या असतात. फुटली तर काढा, नवी दाबा, रिव्हेटला हात लागत नाही. गिऱ्हाईकाला पंधरा मिनिटांत चाकू द्या. मात्र जुन्या काळातल्या फायबरच्या पट्ट्यांचा स्विस चाकू आला तर थांबा. तो संग्रहातला असू शकतो, आणि पट्टीचा प्रकारच त्याचं वय सांगतो.

तिसरी केस, चाकू रोजच्या वापराचा असेल आणि मालकाला त्याच्या किंमतीशी घेणंदेणं नसेल. शेतकरी काकांना कलम बांधायला चाकू हवाय, तर त्यांना संग्रहालयाचं प्रवचन देऊ नका. मजबूत मूठ बसवून द्या.

या तिन्हींमध्ये समान काय? निर्णय तपासणीनंतर झालाय.

आता हिशोब

आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे घालून बघा. समजा भाडं, वीज, मदतनीस आणि तुमचा स्वतःचा पगार धरून तुमच्या टेबलाचा एक तास 400 रुपयांना पडतो.

मूठ बदलणं: 4 तास म्हणजे 1600, सामान 300, एकूण खर्च 1900. बिल 2500. उरले 600, म्हणजे तासाला 150.

तडा थांबवणं, जुनी पद्धत: तपासणी धरून 1 तास म्हणजे 400, सामान 50, खर्च 450. पण "दोन थेंब तर लावले" म्हणून बिल 150. म्हणजे 300 रुपये खिशातून गेले. योग्य काम करणारा तोट्यात. मग तो योग्य काम किती दिवस करेल?

तडा थांबवणं, नवी पद्धत: तपासणी फी 300, काम 500, बिल 800. खर्च तोच 450. उरले 350, आणि ते एका तासात.

आता दोन ओळी शेजारी ठेवा. मूठ बदलून तासाला 150, तडा थांबवून तासाला 350. बिलाचा आकडा लहान आहे, पण टेबल दुप्पट कमावतंय. आणि तपासून "काही करू नका" म्हणालात तरी वीस मिनिटांचा खर्च 133 च्या आसपास, हातात 300. "नको" म्हणणं परवडायला लागलं की माणूस ते म्हणतो.

एक पथ्य पाळा. "काम दिलंत तर तपासणी फी बिलातून वजा" ही योजना लावू नका. बरेच जण लावतात, गिऱ्हाईकाला बरं वाटतं म्हणून. पण त्याने आपण परत पहिल्या जागी येतो: काम निघालं तरच पैसे. पारखणावळ वेगळी, मजुरी वेगळी, दोन्ही ओळी बिलावर स्वतंत्र.

"पण गिऱ्हाईक पळून जाईल ना!"

काही जातील. फुकट तपासून घेऊन पलीकडच्या दुकानात काम करणारे सगळ्यात आधी जातील, आणि त्यांच्यामुळे तुमचा वेळच जात होता. पण फी मागायची तर हातात काही द्यावं लागतं. तोंडी "तसंच राहू द्या" याचे 300 कोणी देणार नाही. एक पानाचा कागद द्या: दोन्ही बाजूंचे फोटो, पात्यावरचा छाप, मुठीचं साहित्य, तड्याचं कारण, काय करावं, काय करू नये. आजोबांचा चाकू घेऊन आलेल्या माणसाला हा कागद चाकूबरोबर जपून ठेवावासा वाटतो. ते पैसे त्याला सल्ल्याचे वाटत नाहीत, वस्तूचे वाटतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वस्तू त्याची, पैसा त्याचा, त्याला नवी मूठ हवी तर आपण कोण अडवणारे? मान्य. अडवायचं नाही, सांगायचं. नुकसान काय होईल ते लिहून द्या, सही घ्या आणि मग मन लावून काम करा. जुनी पट्टी, रिव्हेट, अगदी तुकडेसुद्धा पिशवीत घालून परत द्या. सडलेलं सेल्युलॉइड सोडून. आणि बिलावर ठळक लिहा: "मूठ बदलली आहे." उद्या तो चाकू "एकदम ओरिजिनल" म्हणून कोणी विकला तर खोटेपणात तुमचं दुकान नसेल. ही ओळ काढून टाका असं कोणी म्हणालं, तर ते काम सोडा. एवढं एकच काम मी कोणत्याही दराने घेऊ नका म्हणेन.

नोंदवहीही ठेवा: नाव, फोन, चाकूचं वर्णन, पात्याची लांबी. शस्त्र नियमांत 9 इंचांपेक्षा लांब किंवा 2 इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे. बटण दाबून उघडणारा रामपुरी प्रकारचा चाकू आला तर दुरुस्तीला हात लावण्याआधी आपल्या भागातला नियम पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

या महिन्यात एवढंच करा

वहीच्या एका पानावर दोन रकाने आखा. एकात "सांगितलेलं काम", दुसऱ्यात "गरजेचं काम". प्रत्येक वस्तू दुकानात आली की दोन्ही भरा. महिनाअखेरीस दोन्ही रकान्यांत किती फरक पडतो ते मोजा. त्या फरकात गिऱ्हाईकाचं नुकसान लपलेलं असतं आणि तुमची न मागितलेली फीसुद्धा.

तुमच्याकडे तपासणी फी घेता का? किती घेता, आणि पहिल्यांदा मागितली तेव्हा गिऱ्हाईक काय म्हणालं? कमेंटमध्ये लिहा, व्यवसाय कुठलाही असो. पुढच्या व्हिडिओत तो एक पानाचा तपासणी कागद कसा बनवायचा ते दाखवते.